मुकुटाची खूण

आमचे वडिलोपार्जित कौलारू घर २०२२ च्या एप्रिलमध्ये उतरवावयास घेतले, तेव्हा माळ्यावरून काय काय निघेल याचा अंदाज आम्हां भावंडांना होता. तांब्याची हंडी, आजीच्या लुगड्यांची बोचकी, मोडका पाळणा, वाळवीने खाल्लेली प्रार्थनेची पुस्तके आणि ती पत्र्याची पेटी. पेटीत काय आहे हे घरात सर्वांना ठाऊक होते. ती उघडलेली मात्र आमच्या पिढीतील कोणीही पाहिली नव्हती.

पेटीतील वस्तूची कथा आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ती सांगण्याचा मान थोरल्या काकांचा. लग्नाच्या आदल्या रात्री मांडवात जेवणे उरकली, की पोरेटोरे काकांच्या खुर्चीभोवती जमत आणि काका सुरू करीत. बडोदा रेल्वेचे लोक वसईच्या खाडीवर पूल बांधत होते. आमचे खापरपणजोबा होडीतून दगड वाहून नेत. एके दिवशी भरतीच्या वेळी एक इंग्रज इंजिनियर पाण्यात पडला. खापरपणजोबांनी उडी घेतली, साहेबाला केसांना धरून वर काढले, आणि साहेबाने शुद्धीवर येताच कमरेचे रिव्हॉल्व्हर सोडून त्यांच्या हातात ठेवले. दर लग्नाला खाडीचे पाणी हातभर वाढत असे. आमच्या धाकट्या बहिणीच्या लग्नात तर त्यात मगरही आली होती. परंतु पूल, साहेब आणि रिव्हॉल्व्हर या तीन गोष्टी कधी बदलल्या नाहीत. रेल्वे १८६४ साली खाडी ओलांडून ग्रँट रोडपर्यंत आली, हे इतिहासात नमूद आहे. त्यामुळे कथेला एक भक्कम साल होते आणि आम्हांला त्याचा अभिमान होता.

पेटी उघडली. जुन्या धोतराच्या तुकड्यात गुंडाळलेली ती वस्तू आमच्या तळहातापेक्षा फारशी मोठी नव्हती. आखूड नळी, पाच घरांचे चक्र, पोपटाच्या चोचीसारखी वळलेली लाकडी मूठ. घोडा गंजून जागच्या जागी बसलेला, चक्र फिरत नव्हते, काडतूस एकही नव्हते. साहेबाच्या कमरेला शोभावे असे त्यात काही दिसेना. आमच्या थोरल्या बहिणीने ते पाहून म्हटले, "एवढेसेच?" आणि मग सर्वांच्या मनात एकदमच दुसरा प्रश्न उभा राहिला. आजवर हे माळ्यावर होते, म्हणजे कोणाच्याच ताब्यात नव्हते अशी आम्ही मनाची समजूत घातली होती. आता माळाच राहिला नव्हता.

टेक्सासमध्ये राहणाऱ्या आमच्या पुतण्याला कोणीतरी छायाचित्रे धाडली. त्याचा त्याच रात्री फोन. "काका, हे १८९८ च्या आधीचे असेल तर काही चिंताच नाही. इकडे ते बंदूक म्हणून धरतच नाहीत!" त्याचे म्हणणे त्याच्या देशापुरते बरोबर होते. जॉन केनेडींची हत्या १९६३ साली झाली; १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी गोळ्यांना बळी पडले. त्यानंतर त्याच वर्षी अमेरिकेने जो शस्त्रकायदा केला, त्यात १८९८ साली अथवा त्यापूर्वी बनलेले शस्त्र पुराणवस्तू मानले आहे. राज्याराज्यांचे नियम निराळे असले, तरी केंद्राच्या कायद्यापुरते त्या शस्त्राला सामान्य बंदुकीचे निर्बंध नाहीत. ३१ डिसेंबर १८९८ ला तयार झालेले रिव्हॉल्व्हर एका बाजूला आणि दुसऱ्या दिवशी तयार झालेले दुसऱ्या बाजूला! साहजिकच तिकडील शौकिनांचा सारा जीव त्या एका सालात गुंतलेला असतो.

पुतण्याने आम्हांला या विद्येची मुळाक्षरे शिकवली. पहिला धडा असा, की हत्यारावर कोरलेल्या सालावर विश्वास ठेवू नये. ते बहुधा एकस्वाचे, म्हणजे पेटंटचे, साल असते. कोल्ट कंपनीच्या ज्या रिव्हॉल्व्हरमुळे पश्चिम अमेरिकेचे चित्रपट गाजले, त्यावर १८७१, १८७२ आणि १८७५ अशी साले दिसतात. पण हीच साले कोरलेली रिव्हॉल्व्हरे कारखान्यातून विसाव्या शतकातही बाहेर पडत होती. खरा साक्षीदार अनुक्रमांक. या कोल्टचे उत्पादन १८७३ साली सुरू झाले आणि १८९८ च्या अखेरीस क्रमांक सुमारे १,८२,००० वर पोहोचला होता. त्याखालचा आकडा असला की मालक निश्चिंत. दुसरा धडा, की मोजावयाचे ते सांगाड्याचे वय. नळी, चक्र, मूठ कधीही बदलता येते. कायद्याच्या लेखी शस्त्राचा देह म्हणजे त्याचा सांगाडा. सांगाडा १८९८ साली घडला आणि दुकानात दहा वर्षांनी विकला गेला, तरी ते जुनेच.

आमच्या वस्तूवर ना कारखान्याचे नाव, ना मोठा क्रमांक. एक तीन आकडी संख्या होती, ती सुटे भाग जुळवताना कारागिराने घातलेली असावी. घडणीवरून पुतण्याने ओळखले, की हा 'ब्रिटिश बुलडॉग' या नमुन्याचा अवतार. बर्मिंगहॅमच्या वेब्ली यांनी हे खिशात मावणारे, पाच बारांचे रिव्हॉल्व्हर १८७२ साली प्रथम बाजारात आणले आणि अल्पावधीत अनेक देशांत त्याच्या नकला निघाल्या. १८८१ च्या जुलैत अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली ती बुलडॉगमधूनच. ते इतिहासप्रसिद्ध हत्यार पुढे संग्रहालयात असूनही हरवले, आणि आमचे, ज्याला कोणी विचारीत नव्हते, ते माळ्यावर सुखरूप राहिले!

वाचकांच्या ध्यानात आले असेलच, की कथेला पहिला तडा येथेच गेला. १८६४ साली पूल बांधणाऱ्या साहेबाच्या कमरेला १८७२ साली जन्मलेले रिव्हॉल्व्हर कसे असेल? आम्ही पुतण्याला म्हटले, "पुलाची दुरुस्ती निघाली असेल." मनुष्य आपल्या घराण्याच्या कथेसाठी किती लवकर वकील होतो, हे त्या क्षणी आमचे आम्हांलाच कळले.

रॉकेलात भिजवलेल्या फडक्याने चक्रावरचा गंज हलके हलके पुसला, तेव्हा काही ठसे वर आले. एक लंबवर्तुळ, त्यात ई, एल, जी ही रोमन अक्षरे आणि वर एक इवलासा मुकुट. सांगाड्यावर आणखी एक खूण होती. पायऱ्या, त्यांवर खांब आणि खांबाच्या टोकाला क्रूस. भिंगातून ती पाहून थोरली बहीण म्हणाली, "हा तर आपल्या नाक्यावरचा क्रूस!" खरोखर, आमच्या गावच्या चौथऱ्यावरील दगडी क्रूसाची कोणी नखाएवढी आकृती काढली असती तर ती याहून वेगळी दिसली नसती. घरातील बायकांनी लगेच ठरवून टाकले, की हे ख्रिस्ती माणसाचे हत्यार.

ती खूण बेल्जियममधील लिएज शहराची. त्या शहराच्या चौकात 'पेराँ' नावाचा एक प्राचीन खांब आहे. शिखरावर देवदारूचे फळ आणि त्यावर क्रूस. तो त्या शहराच्या स्वातंत्र्याचे चिन्ह समजला जातो, आणि बंदुकांची चाचणी घेणाऱ्या तेथील संस्थेने तो आपल्या ठशांत घेतला. लंबवर्तुळातली अक्षरे 'लिएजची चाचणी' या अर्थाच्या फ्रेंच शब्दांची. चाचणी म्हणजे नेहमीपेक्षा अधिक दारू भरून बार काढावयाचा. नळी टिकली तर ठसा, फुटली तर भंगार. ही व्यवस्था प्रथम कोणी लावली असेल? लिएजवर शतकानुशतके बिशपांचे राज्य होते. तेथील बिशप हाच राजा. मॅक्सिमिलियन हेन्री या बिशपाने १६७२ साली फर्मान काढून नळ्यांची चाचणी बंधनकारक केली. महागुरुस्वामींनी बंदुकांची परीक्षा घ्यावी, हे वाचून आम्ही जरा दचकलो. हेतू मात्र असा, की विकत घेणाऱ्याच्या हातातच हत्यार फुटू नये.

आणि याच लिएजने आपल्याला आणखी एक गोष्ट दिली आहे. ख्रिस्तशरीराचा जो सण आपण दरवर्षी मिरवणुकीने साजरा करतो, त्याचा उगम या शहरात आहे. शहराजवळच्या मठातील संत ज्युलियाना यांनी त्याचा ध्यास घेतला, १२४६ साली लिएजच्या बिशपांनी आपल्या धर्मप्रांतात तो सुरू केला, आणि पूर्वी लिएज येथे आर्चडीकन असलेले पोप चौथे अर्बन यांनी १२६४ साली तो साऱ्या ख्रिस्तसभेला लागू केला. त्याच शहराच्या आसपासच्या खेड्यांत पुढे घरोघर रिव्हॉल्व्हरचे सुटे भाग घासले जाऊ लागले. कोणी नळ्या करी, कोणी घोडे, कोणी मुठी. व्यापारी ते गोळा करून जुळवी आणि जगभर धाडी. अशा मालावर नाव असेलच असे नाही आणि त्याच्या वह्याही मागे राहत नाहीत. आमच्या रिव्हॉल्व्हरचा जन्मदाखला म्हणजे तेवढे ते ठसे.

तो मुकुट मात्र नेमके बोलतो. लिएजच्या लंबवर्तुळावर मुकुट आला तो १८९३ साली. त्यापूर्वीच्या ठशात तो नाही. म्हणजे आमचे हत्यार १८९३ च्या आधी चाचणीला गेलेले नाही. इकडे १९२२ पासून त्याच चाचणीगृहाने वर्ष दाखवणारे अक्षर ठोकावयास सुरुवात केली आणि आमच्या वस्तूवर तसे अक्षर नाही. वरची सीमा १८९३, खालची १९२२. आणि पुतण्याचे १८९८ साल बरोबर त्यांच्या मध्ये येऊन पडले! टेक्सासच्या हिशेबाने ती वस्तू पुराणवस्तू आहे की नाही, हे सांगणे कोणाला शक्य नाही. त्याने तीन रात्री भिंग लावून छायाचित्रे पाहिली आणि शेवटी कंटाळून म्हणाला, "काका, तुम्ही ती इकडेच पाठवा, मी जाणकाराला दाखवतो."

येथे आमच्या धर्मग्रामातील एका वकीलमित्राने आम्हांला भानावर आणले. तो म्हणाला, "तुमचा पुतण्या विचारतो, वस्तू किती जुनी? आपला कायदा विचारतो, ती उडते का?" आपल्याकडील १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे पंचेचाळिसावे कलम त्याने आम्हांला वाचून दाखवले. जुनाट बनावटीचे, पुराणवस्तू म्हणून मोल असलेले अथवा नादुरुस्त शस्त्र कायद्यातून वगळले आहे खरे. परंतु ते दुरुस्त करून वा न करता बंदूक म्हणून वापरण्याजोगे नसेल तरच. 'दुरुस्त करून' या दोन शब्दांपाशी आमचा धीर सुटला. घोडा गंजला आहे, पण चांगला लोहार तो दोन दिवसांत सोडवणार नाही कशावरून? त्यात २०१९ च्या दुरुस्तीने बेकायदा शस्त्र बाळगण्याची शिक्षा वाढलेली.

मित्राने पुढे सांगितले, की २०२० साली नियमांत बदल होऊन दुर्मीळ संग्राह्य वस्तूंच्या वर्गात मोडणारी लहान शस्त्रे नुसती बाळगण्यास भारतीय नागरिकाला परवाना लागत नाही. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकणार तोच तो म्हणाला, "पण ती वापरणे, बरोबर नेणे किंवा जागेवरून हलवणे, यांना लागतो. आणि ती त्या वर्गात मोडते की नाही, हे तुम्ही ओट्यावर बसून ठरवायचे नाही." म्हणजे पाडलेल्या घरातून ती वस्तू भाड्याच्या खोलीत न्यावयाची झाली तरी पंचाईत! राहता राहिला परदेशी धाडण्याचा विचार. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षे झालेली वस्तू पुरावस्तू ठरू शकते आणि तशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. वर्षाक्षराची सीमा १९२२, आणि साल चालू होते २०२२. आमच्या वस्तूची शंभरी नेमकी भरली होती किंवा भरून गेली होती. इंग्लंडने तर २०२१ साली आणखी तिसरीच रेघ ओढली आहे. १ सप्टेंबर १९३९ पूर्वीची घडण हवी आणि काडतूसही सरकारी यादीतील कालबाह्य जातीचे हवे. एकच वस्तू टेक्सासमध्ये संशयित, दिल्लीच्या एका कायद्याने पूज्य, दुसऱ्याने गुन्हेगार. आम्ही वकीलमित्राला विचारले, मग करावे काय? तो म्हणाला, "एकविसावे कलम. जे जवळ ठेवणे कायदेशीर नाही ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करायचे. आधी लेखी कळवा. स्वतः पिशवीत घालून नेऊ नका."

आता काकांना सांगणे भाग होते. काकांचे वय तेव्हा अठ्ठ्याऐंशी. रिव्हॉल्व्हर जाणार हे सांगणे तितके अवघड नव्हते. पुलाची कथा खरी नाही, हे सांगणे अवघड होते. आठ दिवस आम्ही टाळले. शेवटी एका संध्याकाळी रोझरीनंतर त्यांच्याजवळ बसून मुकुटाची, १८९३ ची, बर्मिंगहॅमची सगळी हकीकत सांगितली. काकांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. मग म्हणाले, "एवढे सगळे त्या चिमुकल्या मुकुटावरून?" आणि थोड्या वेळाने, "मला ठाऊक आहे रे. माझ्या आजीने मला सांगितले होते."

काकांची आजी म्हणजे आमची पणजी. पणजोबा पानांचा आणि सुक्या केळ्यांचा व्यापार करीत. मुंबईला माल उतरवून रोकड घेऊन रात्री परतावे लागे. एकदा वाटेत लुटले गेले, तेव्हा गोदीवरच्या एका खलाशाकडून त्यांनी हे रिव्हॉल्व्हर विकत घेतले. परवाना नव्हता. लॉर्ड लिटन यांच्या काळातील १८७८ च्या शस्त्रकायद्याने हिंदी माणसाला परवान्यावाचून बंदूक बाळगण्याची मनाई होती, आणि युरोपियनांना मात्र सूट होती. गावात कोणीतरी चुगली केली आणि एके दुपारी फौजदार दारात आला. पणजोबा मुंबईला गेलेले. घरात पणजी आणि तीन मुले. फौजदाराने विचारले, हत्यार कुठून आले? त्या निरक्षर बाईने उंबऱ्यात उभे राहून एका दमात पूल, भरती, बुडणारा साहेब आणि त्याची भेट हे सारे रचले. सासऱ्यांनी पुलावर दगड वाहिले होते तेवढे खरे. साहेबाने दिलेले, आणि तेही कायदा होण्यापूर्वी, म्हणजे त्याला कोण हात लावणार, असा तिचा हिशेब. फौजदाराने चहा घेतला आणि गेला. त्या दिवसापासून घरात दुसरी कथा सांगावयाची नाही असे ठरले. मुलांच्या तोंडून चुकून खरे बाहेर पडू नये म्हणून मुलांनाही तीच सांगितली.

आम्ही ऐकत राहिलो. पुतण्या, वकीलमित्र आणि आम्ही मिळून तीन आठवडे जे करीत होतो, त्या वस्तूला कायद्याच्या मागे कुठेतरी नेऊन ठेवण्याचा जो खटाटोप करीत होतो, तो पणजीने एका दुपारी, कोणाचे साहाय्य न घेता, पार पाडला होता. आम्ही काकांना विचारले, "मग तुम्ही इतकी वर्षे का सांगत राहिलात?" काका म्हणाले, "पोरे झोपत नसत. आणि तिने मला खरे सांगितले ते मरणाच्या आधी, जपमाळ हातात घेऊन. ते मांडवात कसे सांगायचे?"

लेखी अर्ज दिल्यावर दोन दिवसांनी पोलीस आले. छप्पर निघाले होते, ओटा तेवढा शाबूत होता. तेथेच टेबल मांडून पंचनामा झाला. अधिकारी तरुण होते, वागण्याबोलण्यात सौम्य. त्यांनी नळीची लांबी मोजली, घरे मोजली, ठसे लिहून घेतले. ई, एल, जी ही अक्षरे आम्ही त्यांना वाचून दाखवली. मग कागदावरून मान वर न करता त्यांनी विचारले, "हे तुमच्याकडे आले कुठून?"

आम्ही सर्वांनी काकांकडे पाहिले. खरे सांगावयाचे तर आमच्या पोटात गोळा आला होता. वकीलमित्राने उत्तर तयार करून ठेवले होते. 'माळ्यावर सापडले, अधिक माहिती नाही.' त्यात खोटे काही नव्हते. काका मात्र खुर्चीवरून उठले, काठी टेकून त्या उंबऱ्याच्या जागेपाशी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या आजोबांनी विकत घेतले. परवाना काढला नव्हता. साहेबाने वगैरे दिलेले नाही." अधिकाऱ्यांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले. साहेब कोणता, हे त्यांना अर्थातच कळले नाही. त्यांनी लिहून घेतले, "आजोबांनी खरेदी केल्याचे सांगतात", आणि काकांची सही घेतली.

वस्तू ठाण्याच्या मुद्देमालात गेली. पुढे ती तपासणीसाठी प्रयोगशाळेकडे जाणार होती. दुरुस्त करून उडेल की नाही, हे तेथे ठरावयाचे. आमच्यावर गुन्हा नोंदला गेला नाही. अहवाल हे लिहीपर्यंत आमच्या हाती आलेला नाही, आणि आम्हीही घाई केलेली नाही. जमा केल्याची पावती आजीच्या प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवली आहे, तेवढे एक पुस्तक वाळवीतून वाचले होते. पुतण्या थोडा रुसला. त्याला आम्ही मुकुटाच्या ठशाचे मोठे छायाचित्र चौकटीत घालून पाठवले. त्याला कोणत्याही कायद्याची आडकाठी नाही.

पुढच्या जानेवारीत नव्या घराच्या अंगणात नातीचे लग्न झाले. आदल्या रात्री पोरे सवयीने काकांच्या खुर्चीभोवती जमली आणि पुलाची गोष्ट मागू लागली. आम्ही लांबून कान देऊन होतो. काकांनी पूल बाजूला ठेवला आणि पणजीची व फौजदाराची गोष्ट सांगितली. अगदी साधी, आम्हांला सांगितली तशी. पोरांना ती फार आवडली. त्यानंतर मे महिन्यात आणखी एक लग्न निघाले, तेव्हा त्या फौजदाराला भरघोस मिशा फुटल्या होत्या आणि तो पांढऱ्या घोड्यावर बसून आला होता.